फाइलचा मूळ आकार: हंगामापूर्वीची नोंद

डेटाबेस फाइलला दोन आकार असतात. एक ती तयार करताना दिलेला मूळ आकार, दुसरा आजचा. ऑटोग्रोथ चालू असली की हे दोन आकडे थोड्याच दिवसांत एकमेकांपासून दूर जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत ही तफावत गळीत हंगामात झपाट्याने वाढते. वजनकाट्यावरची प्रत्येक खेप, तोडणी-वाहतुकीचा हिशेब आणि उसाची बिले यांच्या नोंदी काही महिन्यांत एकदम जमा होतात. ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे उसाची रक्कम 14 दिवसांत द्यायची असल्याने बिलांचे काम पुढे ढकलता येत नाही. इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन बंद असेल, तर डेटा फाइल वाढताना नवी जागा शून्यांनी भरेपर्यंत नोंद खोळंबते आणि काट्यावर वाहने थांबतात.

म्हणूनच मूळ आकार माहीत असणे कामाचे असते. सुरुवातीचा अंदाज किती कमी पडला हे त्यावरून कळते आणि पुढच्या हंगामासाठी किती जागा आधीच राखायची हे ठरवता येते. फाइल आकुंचित करताना ती कुठवर खाली येईल, हेही त्याच आकड्यावर अवलंबून असते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये बहुतेक जण ‘सिस.डेटाबेस_फाइल्स’मधील ‘साइज’ हा स्तंभ वाचतात. तो आजचा आकार आहे. मॅनेजमेंट स्टुडिओच्या जुन्या आवृत्त्यांत ‘इनिशियल साइज’ या शीर्षकाखाली दिसणारा आकडाही आजचाच असतो. हा स्तंभ 8 केबीच्या पेजमध्ये मोजतो, त्यामुळे एमबी काढण्यासाठी त्याला 128 ने भागावे. 1,31,072 पेज म्हणजे 1,024 एमबी. बाइट हवे असतील तर 8,192 ने गुणण्यापूर्वी स्तंभ ‘बिगइंट’मध्ये बदलावा. तसे न केल्यास फाइल 2 जीबीला पोहोचताच क्वेरी ओव्हरफ्लोची चूक देऊन थांबते.

टेम्पडीबीचे उत्तर सर्वांत सोपे आहे. ‘सिस.मास्टर_फाइल्स’मध्ये तिचा ठरवून दिलेला आकार असतो, तर टेम्पडीबीच्या स्वतःच्या ‘सिस.डेटाबेस_फाइल्स’मध्ये आजचा. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती पहिल्या आकड्यावर परतते. दोन्ही क्वेरी शेजारी ठेवल्या की वाढ लगेच दिसते.

इतर डेटाबेसचा मूळ आकार फाइलच्या शून्याव्या पेजवर, म्हणजे फाइल हेडरमध्ये असतो. ट्रेस फ्लॅग 3604 चालू करून ‘डीबीसीसी पेज’ ही आज्ञा डेटाबेसचे नाव, फाइल क्रमांक, पेज 0 आणि छपाईचा प्रकार 3 देऊन चालवली की ‘मिनसाइज’ हा आकडा दिसतो. तोही पेजमध्येच असतो. ही आज्ञा अधिकृत दस्तऐवजात नाही आणि तिला सिसॲडमिनचे अधिकार लागतात. ‘मिनसाइज’ म्हणजे फाइल तयार होतानाचा आकार, किंवा नंतर ‘अल्टर डेटाबेस’ वा ‘श्रिंकफाइल’ने मुद्दाम ठरवलेला शेवटचा आकार. मध्ये कोणी हात लावला असेल तर पहिला आकडा तिथे राहत नाही. ‘श्रिंकडेटाबेस’ या किमान आकाराखाली जात नाही. ‘श्रिंकफाइल’ला नेमका आकार दिला तर ती जाते आणि किमान आकारही बदलते.

अशा वेळी बॅकअपचा इतिहास उपयोगी पडतो. एमएसडीबीतील ‘बॅकअपफाइल’ आणि ‘बॅकअपसेट’ ही टेबले ‘बॅकअप_सेट_आयडी’वर जोडून तारखेप्रमाणे लावली, की सर्वांत जुन्या ओळीतील ‘फाइल_साइज’ त्या दिवसाचा आकार बाइटमध्ये सांगतो. इतिहास साफ केला असेल किंवा डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवरून आणला असेल, तर जुन्या ओळी मिळत नाहीत. हेडर मात्र फाइलबरोबरच येते. डीफॉल्ट ट्रेसमध्ये 92 क्रमांकाची घटना डेटा फाइलची आणि 93 ची लॉगची आपोआप झालेली वाढ दाखवते, पण ट्रेसच्या 20 एमबीच्या पाचच फाइली ठेवल्या जात असल्याने अलीकडचेच हाती लागते.

ओरॅकलमध्ये हे काम एका क्वेरीत होते. ‘व्ही$डेटाफाइल’मधील ‘क्रिएट_बाइट्स’ हा तयार होतानाचा आकार, ‘बाइट्स’ हा आजचा आणि ‘क्रिएशन_टाइम’ ही निर्मितीची वेळ. पोस्टग्रेसमध्ये फाइलला आधी आकार देण्याची पद्धतच नाही. टेबलाची फाइल गरजेप्रमाणे वाढते आणि 1 जीबीला पुढचा तुकडा सुरू होतो. त्यामुळे तिथे ‘पीजी_रिलेशन_साइज’ने ठरावीक अंतराने मोजमाप नोंदवत राहावे.

हंगामापूर्वी फाइल मोठी करण्याचा निर्णय योग्यच आहे, परंतु ‘अल्टर डेटाबेस’ चालवताच हेडरमधील जुना आकडा पुसला जातो. म्हणून त्याआधी प्रत्येक फाइलचे नाव, ‘मिनसाइज’, आजचा आकार, वाढीचे प्रमाण आणि तारीख एका स्वतंत्र टेबलात नोंदवावी, आणि नवी फाइल तयार होईल त्याच दिवशी तिचीही ओळ त्यात घालावी. दोन-तीन हंगामांच्या अशा ओळी जमल्या की पुढच्या वर्षीचा आकार नोंदींच्या आधारे ठरवता येतो.