पुतळ्याला गळा नसतो

घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णाभाऊ साठे यांचे स्मारक उभारण्याची घोषणा राज्य सरकारने केली, तेव्हा तिचे स्वागत झाले आणि ते रास्तच होते. अण्णाभाऊंच्या लेखनाचा बहराचा काळ याच झोपडपट्टीत गेला. त्यांच्या नावाने तेथे चांगली वास्तू उभी राहावी, याला कोणाही शहाण्या माणसाचा आक्षेप असणार नाही. प्रश्न वास्तूचा नाही. त्या वास्तूत ऐकू काय येणार, हा आहे.

अण्णाभाऊंचे आपण दोन वाटे केले आहेत. 'फकिरा' (१९५९) मराठी विभागांच्या वाट्याला आली आणि पुतळा शासनाच्या वाट्याला गेला. २००२ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. या वाटणीत शाहीर मात्र कोणाच्याच वाट्याला आला नाही. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह 'लाल बावटा कलापथक' उभे करणारा हा माणूस आधी गाणारा होता. 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड आपण वर्गात 'संयुक्त महाराष्ट्राचे रूपक' म्हणून शिकवतो. मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख, एवढे फळ्यावर लिहिले की तास संपतो. पण पोटासाठी मुंबईत आलेल्या कामगाराचा विरह राजकीय मागणीत नेमका कुठे वळतो, हे डफ आणि ढोलकीशिवाय कळणार कसे? छापील संहिता हे शाहिरीचे टिपण आहे. तिलाच शाहिरी समजणे ही आपली, म्हणजे साहित्याच्या अध्यापकांची, जुनी चूक आहे.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या 'कंट्री' संगीताचे कीर्तिमंदिर आहे. १९६१ पासून तेथे निवडक कलावंतांच्या नावाचे ब्राँझचे फलक लागतात. या प्रथेचा अन्याय समजून घ्यायचा तर डीफोर्ड बेली या कृष्णवर्णीय हार्मोनिकावादकाकडे पाहावे. 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या आरंभीच्या काळातील हा लोकप्रिय कलावंत १९४१ मध्ये कामावरून दूर झाला आणि पुढे बूटपॉलिशच्या धंद्यावर जगला. १९८२ मध्ये तो वारला. फलक लागला २००५ मध्ये. कीर्तिमंदिरे गुणांची यादी करतात हा भ्रम आहे. त्या त्या काळी समाजाला कोणाचे नाव घेणे सोयीचे वाटते, याची ती यादी असते.

तरीही त्या संस्थेच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. फलकांच्या सोबतीला तिथे ध्वनिमुद्रणांचा, वाद्यांचा आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. उद्याच्या अभ्यासकाला बेलीचे वगळले जाणे तपासायचे असेल, तर त्यासाठी साधन शिल्लक आहे. आपल्याकडे फलकच तेवढा होतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या शाहिराचा पुतळा हा निव्वळ दगड नसतो. तो प्रतिष्ठेचा दावा असतो. हे मला मान्य आहे. घाटकोपरने तर त्या दाव्याची किंमत मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेध करणाऱ्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी निषेध म्हणून जीवन संपवले.

पण मग प्रश्न उलटा होतो. विलास घोगरे यांचे गाणे आज आपल्याला ऐकता येते ते कोणामुळे? आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटांमुळे. एका चित्रपटकाराने पदरमोड करून, वर्षानुवर्षे चित्रण करून जे राखले, ते राखण्याची जबाबदारी शासनाची वा विद्यापीठांची नव्हती काय? पुतळ्याने समाजाची मान ताठ राहते हे खरे. पण ज्या गाण्याने ती मान प्रथम वर उचलली, ते गाणे हरवू देऊन पुतळा जपणे हा सन्मान अर्धाच राहतो.

शिवाय कीर्तिमंदिराला एकच नाव लागते. शाहिरी एकट्याची नसते. मागे उभे राहून झील धरणारे, तुणतुणे वाजवणारे, ढोलकीवर थाप देणारे यांच्यावाचून पोवाडा उभा राहत नाही. त्यांची नावे कोठेही नाहीत, आणि ती आठवणारी माणसे वृद्ध होत चालली आहेत.

म्हणून मागणी साधी आहे. चिरागनगरच्या स्मारकात पुतळा हवाच. पण त्याच छपराखाली ध्वनिसंग्रह हवा, चाली ठाऊक असलेल्यांचे मुद्रण हवे, साथीदारांची नोंदवही हवी आणि वस्तीतल्या पोरांना डफ शिकायला एक खोली हवी. तोवर मराठीच्या अध्यापकांना निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. छक्कड शिकवण्याच्या दिवशी पुस्तक मिटून एखाद्या गाणाऱ्याला वर्गात बोलवावे. मानधन द्यावे, आणि त्याचे नाव लिहून ठेवावे.