शिष्यवृत्ती २७ जणांना, एजंट मात्र प्रत्येक दारात

नीटचा निकाल लागला की धाराशिव, उमरगा, परंड्यातल्या पालकांचे फोन वाजायला लागतात. कमी खर्चात एमबीबीएस, डोनेशन नाही, हॉस्टेलला हलाल जेवण. देश किरगिझस्तान किंवा कझाकस्तान. मुस्लिम मुलूख आहे म्हटल्यावर अम्मीच्याही जिवाला जरा दिलासा मिळतो. मग शेताचा तुकडा किंवा दागिने विकायची चर्चा सुरू होते.

मुलांनी बाहेर जाऊ नये असं कुणी म्हणत नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानाच्या वजीफ्यावर सरोजिनी नायडू इंग्लंडला शिकायला गेल्या होत्या. आज तो वजीफा कुठं आहे, हा खरा सवाल.

केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०१३-१४ मध्ये आली. परदेशी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचं शिक्षण चालू असतानाचं व्याज सरकार भरायचं, अट वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत. २०२२-२३ पासून ती बंद झाली. त्याच सुमारास मौलाना आझाद फेलोशिपही गेली. इतर योजनांशी सारखेपणा आहे, असं कारण सांगण्यात आलं. पण व्याजाच्या भीतीने कर्जालाच हात न लावणाऱ्या घरांना नेमका याच योजनेचा आधार होता.

त्यानंतर राज्याने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिष्यवृत्ती जाहीर केली. जागा २७, त्याही पूर्ण महाराष्ट्रात, आणि त्यात मुस्लिमांसोबत ख्रिश्चन, जैन, शीख, पारशी असे सगळेच. विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं, अभ्यासक्रम पदव्युत्तर किंवा पीएच.डी.चा. म्हणजे बिश्केकला एमबीबीएसला निघालेल्या मुलाचा या योजनेशी काहीच संबंध नाही. आपली मुलं जातात एकीकडे, मदत उभी आहे दुसरीकडे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे फार कमी जण लक्षात घेतात. तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, आणि ओबीसींसाठी वेगळी परदेशी शिष्यवृत्ती आहे. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आधीच काढून ठेवलेलं असेल तरच फायदा. कॉलेज संपल्यावर धावपळ केली तर अर्जाची तारीख निघून जाते.

आता मेडिकलचं. नोव्हेंबर २०२१ पासूनचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम स्पष्ट आहेत: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तोही इंग्रजीतून, नंतर १२ महिने इंटर्नशिप त्याच संस्थेत. त्या देशात स्वतःच्या नागरिकांसारखा डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रता हवी. भारतात परतल्यावर परीक्षा, ३०० पैकी १५० गुण लागतात, आणि इथली इंटर्नशिप वेगळी. एजंट हे सांगत नाही, तो फक्त फीचा पहिला हप्ता सांगतो. पैसे भरण्याआधी त्याच्याकडून हे लेखी मागा. टाळाटाळ केली तर उठून या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून मुलांना ‘ऑपरेशन गंगा’तून आणावं लागलं. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला, तेव्हा भारतीय दूतावासाने मुलांना खोलीतच थांबायला सांगितलं. मुस्लिम मुलूख म्हणजे सगळं सुरक्षित, हा हिशोब तिथंच चुकला.

पदवीनंतर जाणाऱ्यांसाठी जर्मनीचा विचार व्हायला हवा. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. मात्र वर्षभराच्या खर्चासाठी ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, हीच मोठी अडचण. राष्ट्रीय अल्पसंख्याक वित्त महामंडळाच्या योजनेत परदेशी शिक्षणासाठी ३० लाखांपर्यंत कर्ज आहे, व्याज ३ टक्क्यांपासून. ते घ्यावं की नाही, हे प्रत्येकाने आपल्या उलेमांना विचारून ठरवावं. ज्यांना व्याज नकोच, त्यांच्यासाठी गावोगावच्या बैतुलमालने चार घरांना किरकोळ मदत वाटण्याऐवजी एका लायक मुलीचं वर्षभराचं बंद खातं भरून दिलं, तर? यंदाच्या रमजानच्या आधीच जमातीच्या बैठकीत हा विषय घ्यायला काय हरकत आहे?