चाळणी की मोजपट्टी? दहावीच्या इंग्रजीच्या पेपराची दीडशे वर्षांची कहाणी (थ्रेड)

१/ २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला आणि एकच कल्लोळ उडाला. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला होता. अभ्यासक्रम नवा होता, पण चर्चा झाली ती मुख्यतः एकाच कारणाची : त्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकण्यात आले होते. इंग्रजीचा पेपर ८० ऐवजी १०० गुणांचा आणि सर्वस्वी लेखी झाला होता.

२/ काही महिन्यांतच ते २० गुण परत आले. वाद मिटला. पण या वादात एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारला नाही : त्या २० गुणांतून मुलांना इंग्रजी बोलता येते की नाही, हे कधी कळत होते काय? हा प्रश्न सुचला नाही, यामागे इतिहास आहे. आपल्याकडची इंग्रजीची शालान्त परीक्षा भाषा मोजण्यासाठी जन्मालाच आली नाही. ती माणसे निवडण्यासाठी जन्माला आली. ती चाळणी होती, मोजपट्टी नव्हती.

३/ प्रारंभ १८४४ पासून करावा लागतो. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ठराव केला की, सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना प्राधान्य द्यावे. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणाची चर्चा फार होते, पण घराघरांवर परिणाम केला तो या ठरावाने. इंग्रजी ही आता केवळ ज्ञानाची भाषा राहिली नाही, ती पगाराची भाषा झाली. आणि जिथे पगार, तिथे उमेदवारांची रांग. जिथे रांग, तिथे चाळणी.

४/ मुंबई इलाख्यात हे निमूटपणे घडले नाही. १८४७ च्या सुमारास येथील बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून कडाक्याचा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेठ यांचा आग्रह देशी भाषांचा होता. नानांचा इंग्रजी शिकण्याला विरोध नव्हता, हे ध्यानात घ्यावे. बहुसंख्यांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

५/ १८५४ चा वुडचा खलिता आला आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा आदर्श ऑक्सफर्ड नव्हता, लंडन विद्यापीठ होते. म्हणजे काय? म्हणजे विद्यापीठ शिकवीत नसे. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. आपल्या आधुनिक शिक्षणाची सर्वोच्च संस्था मुळात परीक्षायंत्रणा म्हणून उभी राहिली. पुढच्या साऱ्या कथेचे बीज येथे आहे.

६/ १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. १३२ उमेदवार बसले. उत्तीर्ण झाले वीस-बावीस. दर सहा जणांतून जेमतेम एक. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर म्हणून रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही चार नावे नोंदली गेली.

७/ ही नावे वाचली की परीक्षा उत्तमच असणार असे वाटते. पण काळाचा उपरोध पाहावा. पुढे विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठीसारख्या देशी भाषा हद्दपार झाल्या, आणि त्यांना परत आणण्यासाठी सिनेटमध्ये आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट करणारे गृहस्थ होते रानडे. चाळणीतून पहिल्या खेपेस पार झालेल्या माणसालाच तिची छिद्रे कशी बेतली आहेत हे सर्वांत आधी दिसले.

८/ मॅट्रिकमध्ये इंग्रजी हा एक विषय होता, एवढेच म्हणणे अपुरे आहे. १८६० च्या दशकानंतर बराच काळ इतिहास, भूगोल, गणित यांची उत्तरेही इंग्रजीतूनच द्यावी लागत. म्हणजे इंग्रजीची परीक्षा एका पेपरात नव्हती. ती प्रत्येक पेपरात होती. ज्याला पानिपतची कारणे मराठीत तास-दीड तास सांगता आली असती, तो इंग्रजी वाक्यरचनेत अडखळला की इतिहासातही कच्चा ठरे.

९/ परीक्षा जशी, तशी शिकवणी. व्याकरण, भाषांतर, निबंध, उताऱ्याचा अर्थ : कागदावर जे विचारता येते तेच वर्गात आले. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघर पोचली ती याच गरजेतून. आधी नियम, मग मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी. पद्धत शिस्तबद्ध होती आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या माणसे तयार केली. मात्र तिच्यात कान आणि जीभ यांना जागा नव्हती. शेक्सपिअर वाचून समजणारा आणि साहेबापुढे तोंड उघडताना घाम फुटणारा सुशिक्षित येथेच घडला.

१०/ या चाळणीची सत्ता इतकी की तिचे टीकाकारही तिच्याच मापाने तोलले गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय वृत्तीची शाळा काढली; नाव ठेवले ‘न्यू इंग्लिश स्कूल’. शाळा नावारूपाला आली ती मॅट्रिकच्या निकालांच्या जोरावर. स्वाभिमान शिकवायचा, पण मुलगा मॅट्रिकला नापास होऊन चालणार नाही. ही कोंडी आजच्या कोणत्याही मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला परकी वाटणार नाही.

११/ चाळणीबाहेर कोण राहिले? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी नेमके या दिशेला बोट दाखवले. सरकारचा पैसा आणि लक्ष उच्च शिक्षणाकडे जाते, शेतकऱ्यांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, ही त्यांची तक्रार होती. ज्या मुलाच्या गावात मराठी शाळाच धड नाही, त्याच्यासाठी मॅट्रिकचा इंग्रजी पेपर सोपा की अवघड हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१२/ तरीही एकांगी निवाडा अन्यायाचा ठरेल. १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या समाजाने सभा भरवून त्यांचा गौरव केला आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. वर्गात वेगळे बसवता येत होते. उत्तरपत्रिकेवरच्या अक्षराला शिवाशीव लावता येत नव्हती. लेखी परीक्षेच्या या परकेपणातच तिचा न्याय होता. हा तिचा मोठेपणा नाकारून पुढे जाता येणार नाही.

१३/ स्वातंत्र्यानंतर दिशा बदलली, निदान तसे दिसले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढले आणि ते आठवीपासून ठेवले. १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. हेतू उदात्त होता : मुलांच्या मानेवरचे जू हलके करणे. पण विद्यापीठाच्या वर्गात आणि मोठ्या नोकऱ्यांत इंग्रजी ठाण मांडून होतीच. चाळणी मोडली नाही. ती दोन-तीन वर्षे पुढे सरकली.

१४/ यानंतर लंबक उलटा फिरला. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. पुढे २००० पासून रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. आठवीपासून तीन-चार वर्षे शिकणारी मुले होती, तेथे आता दहा वर्षे शिकणारी मुले आली. एवढ्या घालमेलीत एक गोष्ट मात्र ढळली नाही : शेवटी जे मोजायचे ते कागदावर. प्रश्नपत्रिकेची ‘कृतिपत्रिका’ झाली, पण तिच्याबरोबर ‘अपेक्षित प्रश्न’ आणि तयार निबंधांची गाइडेही आली.

१५/ मग ते तोंडी परीक्षेचे २० गुण? कल्पना रास्त होती : भाषा ऐकण्या-बोलण्याचीही असते, तिला गुण हवेत. पण ते गुण देणार कोण? त्याच शाळेचे शिक्षक. आणि ते मिळवले जाणार कोठे? अकरावीच्या प्रवेशाच्या एकूण टक्केवारीत. आपल्या विद्यार्थ्याचे नशीब ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा कोणता शिक्षक काटेकोरपणे कमी करील? दोष शिक्षकाच्या सचोटीचा नाही. मोजपट्टी चाळणीला बांधली की ती वाकतेच.

१६/ म्हणून २०१९ चा वाद दोन्ही बाजूंनी चाळणीविषयीच होता. गुण काढणारे म्हणत : निकाल फुगतो. गुण मागणारे म्हणत : सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण असताना आमचीच मुले प्रवेशात मागे का पडावीत? दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. २०२० मध्ये गुण परतले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोविडमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही नमूद करावे. पण दरम्यान किती मुले दोन वाक्ये बोलू शकतात, हे राज्याला २०१८ मध्ये ठाऊक नव्हते आणि २०२० मध्येही नाही.

१७/ मग बोलण्याची खरीखुरी, बाहेरच्यांकडून परीक्षा घ्यावी काय? येथे जपानचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. इंग्रजी परकी असलेल्या त्या देशातही व्याकरण-भाषांतराची परीक्षा हीच दीर्घ परंपरा. २००६ पासून तेथील सामाईक प्रवेश परीक्षेत श्रवण आले. पुढे बोलणेही तपासावे म्हणून खाजगी संस्थांच्या इंग्रजी चाचण्या प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचे ठरले. पण चाचण्यांना शुल्क होते आणि केंद्रे मोठ्या शहरांत. श्रीमंत घरची मुले सराव म्हणून अनेकदा बसतील. बेटांवरच्या, खेड्यांतल्या मुलांचे काय?

१८/ यावर तेथील शिक्षणमंत्र्यांनी, मुलांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे लढावे अशा अर्थाचे उद्गार काढले आणि संताप उसळला. २०१९ च्या अखेरीस योजना लांबणीवर पडली. २०२१ मध्ये ती सोडून देण्यात आली. योगायोग असा की, महाराष्ट्र आणि जपान एकाच वर्षी एकाच खडकावर आपटले. आपल्याकडे तोंडी गुण सर्वांना वाटले गेले म्हणून निरर्थक झाले; तेथे ते काटेकोर होणार होते म्हणून अन्याय्य ठरले.

१९/ यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. एकाच आकड्याने निवडही करायची आणि मोजमापही करायचे, हा हट्ट सोडला पाहिजे. ऐकण्या-बोलण्याची परीक्षा जरूर असावी, पण तिचे गुण प्रवेशाच्या टक्केवारीत मिळवू नयेत. गुणपत्रिकेवर तिची वेगळी नोंद असावी, आणि तीही आकड्यात नव्हे तर शब्दांत : ‘परिचित विषयावर सोप्या वाक्यांत बोलू शकते’, ‘सूचना ऐकून कृती करू शकते’. त्या आकड्यावर प्रवेश अडलेला नसला की शिक्षकाला खरे लिहिण्याची मोकळीक मिळेल.

२०/ आणि काही शाळा निवडून, तेथील संभाषणे ध्वनिमुद्रित करून मंडळाने स्वतः तपासावीत. प्रत्येक मुलाची झाडाझडती नको. राज्याची प्रकृती कळण्यापुरती नाडी तपासली तरी पुरे. कोणत्या जिल्ह्यात शिक्षकांना प्रशिक्षण हवे, कोठे पुस्तक चुकते आहे, हे त्यातूनच कळेल. आक्षेप येईल : टक्केवारीत नसलेल्या गोष्टीकडे कोणी लक्ष देणार नाही. आक्षेप खरा आहे. पण टक्केवारीत असलेल्या तोंडी परीक्षेकडे तरी कोणी लक्ष दिले?

२१/ इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. गेली दीडशेहून अधिक वर्षे ते कोणाला मिळावे आणि कोणाला मिळू नये, याचा हिशेब अत्यंत चोख ठेवला गेला. ज्यांना मिळाले त्यांच्या अंगी ते किती लागले, हे मात्र विचारायचे राहिले. चाळणी १८५९ ची आहे. मोजपट्टी अजून बनवायची आहे.