पदकावरची २६ जून आणि आमची २६ जून

इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचं पदक आजही जुनी नाणी जमवणाऱ्यांकडे बघायला मिळतं. एका बाजूला मुकुट घातलेले राजा-राणी, दुसऱ्या बाजूला तारीख : २६ जून १९०२. त्या दिवशी राज्याभिषेक झालाच नव्हता!

पदकाचा आराखडा एमिल फुक्स या कलावंताचा, पाडलं बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने. ठसे तयार, पदकं तयार, यादीही तयार. आणि २४ जूनला अपेंडिक्सच्या दुखण्याने राजावर शस्त्रक्रिया करावी लागली. समारंभ पुढे गेला तो थेट ९ ऑगस्टला. पदकं मात्र जुन्याच तारखेची वाटली गेली. तीही कशी? अधिकाऱ्याला चांदीचं, शिपायाला ब्राँझचं. १९११ च्या दिल्ली दरबारातही तेच : संस्थानिक आणि बड्या अधिकाऱ्यांना सोन्याचं, बाकीच्यांना चांदीचं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, तिला साहेबाच्या टांकसाळीत वेगळा साचा करावा लागला नाही.

त्या चांदीतही आमचा वाटा नव्हता. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांसाठी १८९२ च्या सुमारास लष्करभरतीच बंद झाली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. काय मागितलं? पदक नाही, भरती मागितली. दुसऱ्याच वर्षी दिल्लीत पदकं वाटली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला मात्र १९४१ उजाडलं.

पण आम्हाला बोलायचंय ते १९०२ बद्दल. त्या पदकावरच्या खोट्या तारखेपासून बरोबर एक महिन्याने, २६ जुलै १९०२ रोजी, कोल्हापूर दरबाराचा आदेश निघाला. एडवर्डच्या राज्याभिषेकासाठीच शाहू महाराज तेव्हा इंग्लंडला गेले होते. इथून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना द्यायच्या, असा तो आदेश. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, ही व्याख्याही त्यातच.

कुणी म्हणेल, शाहूही राजेच होते, त्यांचाही राज्याभिषेक झाला होता. होय, झाला होता. आम्ही त्यांना मानतो ते त्या समारंभासाठी नाही, त्या कागदासाठी. (आणि त्यांचा स्वतःचा जन्मदिवस २६ जून! आज आपण तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो.)

त्या कागदातलं एक कलम आपल्या भाषणांत क्वचितच येतं. प्रत्येक कचेरीच्या प्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी दरबाराकडे पाठवायचा. म्हणजे नुसती घोषणा करून महाराज थांबले नाहीत, हिशेब मागितला. आरक्षण कुठे मारलं जातं हे ज्याला कळलं होतं, त्यानेच ते कलम घातलं.

आणि आपण? २६ जूनला स्टेज, फेटे, शाली, स्मृतिचिन्हं. महाराजांचा फोटो कोरलेली ट्रॉफी एक मंडळ दुसऱ्या मंडळाच्या अध्यक्षाला देतं, पुढच्या महिन्यात ती फिरून दुसऱ्या नावाने परत येते. मोठ्या पाहुण्याला मोठी, कार्यकर्त्याला छोटी. हा साचा कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. एकीकडे त्याच गावातल्या कॉलेजात, नगरपालिकेत राखीव जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, कंत्राटी माणसं भरलेली, आणि तिथली बिंदुनामावली स्टेजवरच्या कुणीही पाहिलेली नसते.

सत्कार अजिबात नको असं आमचं म्हणणं नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसाला चार लोकांत मान मिळाला तर बरंच. पण तेवढ्यावर दिवस संपतो, ही आमची तक्रार आहे.

म्हणून या २६ जूनला प्रत्येक शाखेने आपल्या भागातलं एक कार्यालय निवडावं. माहिती अधिकाराच्या अर्जात चार गोष्टी मागाव्यात : मंजूर पदं, भरलेली पदं, प्रवर्गनिहाय अनुशेष आणि बिंदुनामावलीची प्रत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. जनमाहिती अधिकाऱ्याला उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. अर्ज २६ जूनला दिला, तर मुदत २६ जुलैला संपते. त्या दिवशी जे उत्तर हाती येईल ते स्टेजवरून वाचून दाखवा, आणि उत्तर आलंच नसेल तर पहिल्या अपिलाचा अर्ज तिथेच भरा.

जय भीम!