दिवा कोणी लावायचा?

माणसाला आळस देऊन परमेश्वराने कारखानदारांवर फार मोठे उपकार केले आहेत. जिना चढायचा आळस म्हणून लिफ्ट आली, उठून चॅनेल बदलायचा आळस म्हणून रिमोट आला, पाढे पाठ करायचा आळस म्हणून कॅलक्युलेटर आला. इथपर्यंत माझी तक्रार नाही. मीही लिफ्टनेच वर जातो. पण मोटारीचा दिवा लावायचाही आळस? ज्या दिव्यासाठी जागचे उठावे लागत नाही, काडी ओढावी लागत नाही, काच पुसावी लागत नाही, नुसती दोन बोटांनी एक दांडी पिळावी लागते, तो लावायलासुद्धा माणसाने नोकर ठेवावा? आणि तोही आंधळा?

'आंधळा' हा शब्द मी रागाच्या भरात वापरलेला नाही. चांगला विचार करून वापरला आहे.

मोटारीच्या दुकानातली तरुण मुले या नोकराचे फार कौतुक करतात. ''सर, दिवे ऑटोवर ठेवा आणि विसरून जा!'' असे म्हणून गोड हसतात. त्यातल्या 'ऑटोवर ठेवा'ला माझी हरकत नाही. माझे भांडण 'विसरून जा'शी आहे. आधीच आपली जात विसरण्यात पटाईत. वळल्यावर इंडिकेटर बंद करायचे आपण विसरतो, अप्परचा डिपर करायचे विसरतो, म्हणून तर ट्रकवाल्यांना पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' असे रंगवून घ्यावे लागले. अशा माणसाला आणखी विसरायला सांगणे म्हणजे कुंभकर्णाला झोपेची गोळी देण्यासारखे आहे.

आता हा नोकर काम कसे करतो ते पाहा. पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, किंवा काही गाड्यांत डॅशबोर्डवर, एक छोटासा डोळा बसवलेला असतो. त्याच्यावर उजेड पडला की त्या प्रमाणात वीज वाहते. उजेड कमी झाला की वीज कमी, वीज कमी झाली की दिवे चालू. बस्स! एवढीच त्याची विद्या. समोर रस्ता आहे की नदी, पाऊस आहे की लग्नाची वरात, हे त्याला ठाऊक नसते. विचारायची पद्धतही नसते.

हा काही कालपरवा नोकरीला लागलेला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५२ साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल गाड्यांच्या डॅशबोर्डवर 'ऑट्रॉनिक आय' नावाचा डोळा बसवला. समोरून गाडीचा उजेड आला की तो अप्परचा डिपर करी. १९६४ साली कॅडिलॅकमध्ये 'ट्वायलाइट सेंटिनल' आला. मराठीत सांगायचे तर तिन्हीसांजेचा पहारेकरी. अंधार पडला की हा आपणहून दिवे लावी. म्हणजे साठ वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला. पण या पहारेकऱ्याला उजेड आणि दिसणे यांतला फरक अजून कोणी समजावून सांगितलेला नाही.

त्याला नियम मात्र कडक आहेत. मोटारींच्या दिव्यांविषयी संयुक्त राष्ट्रांची ४८ क्रमांकाची नियमावली आहे. हो, युद्धे थांबवून वेळ उरला की ते लोक हेही काम करतात! उजेड मोजायचे माप लक्स. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात; आपल्या दिवाणखान्यात रात्री दोनतीनशे असले तर आपण पाहुण्यांपुढे मिरवतो. नियमावली म्हणते, उजेड १,००० लक्सच्या खाली गेला की दोन सेकंदांच्या आत दिवे लागले पाहिजेत. ७,०००च्या वर गेला की विझले पाहिजेत. पण लगेच नाही, पाच सेकंदांनंतर आणि पाच मिनिटांच्या आत. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. नाहीतर वडाच्या झाडांची सावली असलेल्या रस्त्यावरून जाताना गाडी सबंध गावाला डोळे मारीत जाईल. १,००० आणि ७,००० यांच्या मध्ये काय करायचे? तर कारखानदाराची मर्जी!

हा मधला सहा हजारांचा मुलूख म्हणजेच आपली तिन्हीसांज, आपले झाकोळलेले आभाळ, आपला आषाढ. नेमका जिथे निर्णय घ्यायचा तिथेच नियमावलीने हात वर केले.

आमच्या आजीजवळ लक्स नव्हते. ती ओसरीवर येऊन एकदा अंगणाकडे बघे, मग दिवा लावी. एखाद्या दिवशी पावसाने भरून आले की दुपारी चारला कंदील लागे. ''एवढ्यात कशाला?'' असे कोणी विचारले की म्हणे, ''मला दिसतंय रे, पण येणाऱ्याला पायरी दिसायला नको?'' मोटारीच्या दिव्याचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आले. दिवा फक्त लावणाऱ्याला दिसावे म्हणून नसतो, येणाऱ्याला दिसावे म्हणूनही असतो. त्या काचेवरच्या डोळ्याला हा 'येणारा'च ठाऊक नाही.

याचा पुरावा हवा असेल तर जुलै महिन्यात सकाळी अकरा वाजता खंडाळ्याच्या घाटात जा. धुके उतरलेले असते. दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. तुम्ही म्हणाल, मग डोळ्याने दिवे लावले असतीलच. मुळीच नाही! कारण धुके म्हणजे काळोख नव्हे. धुके पांढरे असते. पाण्याचे ते बारीक थेंब उजेड गिळत नाहीत, चहूकडे उधळतात. डोळ्यावर तो सगळा उधळलेला उजेड येतो आणि तो खुशीत रिपोर्ट देतो, 'हजारो लक्स, दिवस आहे, सर्व क्षेम!' पावसाच्या झडीतही तोच प्रकार. त्यातून आपल्या लोकांना पांढऱ्या गाड्यांची भारी हौस. पांढऱ्या धुक्यात, पांढरी गाडी, दिवे बंद, आणि आत साहेब दिवे ऑटोवर ठेवून विसरून गेलेले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने काय करावे? हॉर्नचा आवाज ऐकून गाडीचा रंग ओळखावा?

काही गाड्यांत वायपर लागला की दिवेही लागतात, हे मला माहीत आहे. ज्यांनी ही जोडणी केली त्यांचे मी जाहीर आभार मानतो. पण धुक्यात वायपर कोण लावतो?

याच्यावर कडी म्हणजे पुढच्या बाजूला दिवसा लागणारे ते नक्षीदार दिवे. युरोपात २०११ सालापासून नव्या मोटारींच्या मॉडेलांना ते सक्तीचे झाले आणि मग आपल्याकडेही त्यांची फॅशन आली. गाडी सुरू झाली की ते भुवईसारखे चमकतात. शिवाय आतला डॅशबोर्ड चोवीस तास झगमगतो. त्यामुळे चालवणाऱ्याची पक्की समजूत होते की आपले दिवे लागलेले आहेत. पण पुष्कळ गाड्यांत त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. पुढे दिवाळी, मागे नुसतीच अमावस्या! आमच्या एका शेजाऱ्यांची गाडी सर्व्हिसिंगहून परत आली तेव्हा कोणीतरी ती दांडी 'ऑटो'वरून शून्यावर फिरवली होती. शहरातल्या लखलखाटात शेजारी तीन रात्री तसेच हिंडले. चौथ्या रात्री एका रिक्षावाल्याने सिग्नलला काचेवर टकटक करून विचारले, ''शेठ, मागचं बिल नाही का भरलं?''

आपला कायदा या बाबतीत आजीच्या बाजूचा आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने दिवे लावा असे तर आहेच, पण त्याच वाक्यात 'आणि पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही' असेही आहे. शिवाय पुढची माणसे आणि वाहने १५५ मीटरवर स्पष्ट दिसली पाहिजेत, असे मापही दिले आहे. कायद्याने विचारले ते 'दिसते का?' एवढेच. काचेला किती उजेड लागतो, हे कोणी विचारलेले नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. नाहीतर 'म्हातारा नव्याच्या नावाने बोटे मोडतो' असे म्हणायला तुम्ही मोकळे. बोगद्यात हा डोळा माझ्यापेक्षा हुशार आहे. द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात शिरताना माझी बोटे दांडीपर्यंत पोचायच्या आत याचे दिवे लागलेले असतात. संध्याकाळी शहरात, दिवे लावायचे साफ विसरणाऱ्यांच्या गाडीत, तो शंभर टक्के उपयोगी आहे. काळोख ओळखायला तो पक्का आहे. पण काळोख ओळखणारा नोकर ठेवला म्हणून धुके ओळखणाऱ्या मालकाने झोपायचे असते, हे कोणी ठरवले?

आपोआप अप्पर-डिपर करणाऱ्या कॅमेऱ्याचेही तेच. तो समोर दिवे शोधतो. दिवा दिसला की मान खाली घालतो. पण आपल्या रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्याजवळ दिवा असतोच असे कोणी सांगितले? पहाटे निघालेली दिंडी, सायकलवरचा दूधवाला, हातात चप्पल घेऊन चालणारा शेतकरी. यांच्याजवळ दिवा नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांच्या हिशेबी हे लोकच नाहीत. त्यांच्या डोळ्यांत अप्परचा झोत तसाच राहतो. ज्याच्यापाशी दिवा आहे त्यालाच मान द्यायचा, हा न्याय आपल्या समाजाला नवा नाही; पण तो यंत्रालाही शिकवायची गरज नव्हती.

मग करायचे काय? माझ्या मते रस्ते दोनच. एक, सरकारने १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना लावला तसा नियम मोटारींनाही लावावा: इंजिन सुरू की दिवा सुरू, दिवस असो वा रात्र. तेव्हा रस्त्यात लोक हाताची मूठ उघडमीट करून दुचाकीवाल्यांना 'दिवा चालू आहे' असे सांगत. आता सवय झाली. स्वीडनने १९७७ सालीच सगळ्या मोटारींना दिवसा दिवे लावायला लावले. मात्र मागचे दिवेही त्यात हवेत. डोळा नको, लक्स नको, मर्जी नको.

आणि ते होईपर्यंत दुसरा रस्ता. ऑटो खुशाल असू द्या, पण आभाळ भरले, सर आली, घाटात पांढरे दिसू लागले, की दोन बोटे हलवा आणि दांडी स्वतः पिळा. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पोरांना आठाचा आकडा काढायला शिकवतात तसे हेही शिकवावे. ती दांडी स्टिअरिंगपासून चार बोटांवर असते. नव्या गाड्यांत ती कधी उजवीकडे असते, कधी डावीकडे, तेवढे आधी घरीच बघून घ्या. नाहीतर खंडाळ्याला ऐन धुक्यात वायपर सुरू कराल.