आधी कैफियत, मग रक्त

पाळी दोन महिने चुकली आणि हनुवटीवर चार राठ केस दिसले, की मुलीस ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्याने उपाशीपोटी प्रयोगशाळेत न्यावयाचे, 'हार्मोन प्रोफाईल' नावाचे सरसकट पॅकेज करवून घ्यावयाचे, आणि अहवालातील ठळक छापलेला एखादा आकडा पाहून 'पीसीओडी निघाला' असा निवाडा घरच्या घरीच देऊन टाकावयाचा, हा शिरस्ता आता इतका रूढ झाला आहे, की त्या मुलीची कैफियत कोणी सविस्तर ऐकली काय, हा प्रश्नच कोणास सुचत नाही.

वस्तुतः २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांप्रमाणे पीसीओडी, म्हणजे बीजकोशांचा हा विकार, ठरण्यास अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे बीजकोशांचे विशिष्ट रूप या तिहींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात, आणि त्याही थायरॉईड, प्रोलॅक्टिन व अधिवृक्क ग्रंथीचे विकार वगळल्यावर. माप बदलले की निदान किती पालटते, याचा दाखला आपल्याच लोकलमार्गावर, परळास आहे. तेथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची जी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली, तीत रॉटरडॅमच्या मापाने २२.५ टक्के मुलींस हा विकार ठरला, तर पुरुषी हार्मोनांचे आधिक्य अनिवार्य मानणाऱ्या दुसऱ्या मापाने अवघ्या १०.७ टक्के मुलींस. मुली त्याच, फूटपट्टी तेवढी निराळी!

रक्ताची साक्षदेखील वेळकाळ पाहूनच ग्राह्य धरावी लागते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असता टेस्टोस्टेरॉन दबलेले असते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या निदान तीन महिने बंद ठेवल्यावाचून त्याचा आकडा विश्वासार्ह नव्हे. एलएच व एफएसएच या हार्मोनांच्या ज्या गुणोत्तरापायी कित्येक घरांची झोप उडते, ते तर निकषांत मुळीच नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी एएमएच या हार्मोनाच्या रक्ततपासणीस सोनोग्राफीचा पर्याय मानले खरे, परंतु प्रौढ स्त्रियांपुरतेच. कुमारिकांस ते लागू नाही. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीचे पहिले वर्ष अनियमितच जावयाचे, त्यास रोग म्हणणे ही तर शुद्ध घाई. उलट निदान पक्के झाल्यावर जी आवश्यक, ती पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून करावयाची साखरेची तपासणी मात्र पुष्कळदा राहूनच जाते.

डॉक्टरांपुढे अहवालांची जाड फाईल जाते. आणि आईने वर्षभर पाळीच्या तारखांवर खुणा केलेले कालनिर्णय स्वयंपाकघराच्या भिंतीवरच राहते.