निकाल लागला, शिक्षणाचे काय?

दहावीच्या परीक्षेत कोकण विभाग 2025 सालीही राज्यात पहिला आला. निकाल शेकडा 98.82. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे निराळे विभागीय मंडळ 2012 साली झाले, तेव्हापासून हा मान आपण दुसऱ्या कोणास घेऊ दिलेला नाही. या आनंदात आम्हीही सामील आहोत. परंतु शंभरांतील जवळजवळ नव्व्याण्णव मुले जेथे उत्तीर्ण होतात, तेथे ‘उत्तीर्ण’ या एका शब्दाने मुलाविषयी फारसे काही कळेनासे होते, हे व्यवहार जाणणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुलाची छाती किती भरली, वर्गात उभे राहून ‘मला समजले नाही’ असे म्हणण्याचे धैर्य त्यास आले काय, याचा रकाना गुणपत्रिकेत नाही.

मूल शाळेत येते ते नुसते डोके घेऊन येत नाही. देह व मन ही दोन्ही त्याच्याबरोबर बाकावर बसतात. याचा दाखला शोधावयास आपणांस दूर जावे लागत नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे 1875 साली सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले, ते शंभराहून अधिक मैल डोंगर व घाट तुडवीत पायी गेले. तेथे पोहोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्या किरकोळ अंगलटीकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेस बसूच दिले नाही! ज्या देहाने सह्याद्री ओलांडला त्याच देहावरून तो मुलगा नापसंत ठरला. पुढे याच मुलाने 1916 साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, म्हणून ही हकीकत आपणांस ठाऊक झाली. ज्यांची मने अशा प्रसंगी कायमची खचली, त्यांची आत्मचरित्रे कोणी लिहिली नाहीत.

याहून कठोर प्रसंग आंबडव्याच्या आंबेडकरांच्या घराण्यातील मुलाचा. साताऱ्याच्या शाळेत त्या मुलास बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे आणि पाण्यास हात लावण्याची मुभा नसे. त्या वर्गात गणित व भाषा शिकविली जात होतीच. पण त्याबरोबर आणखी एक धडा दररोज दिला जात होता, व तो इतर मुलेही मुकाट्याने शिकत होती. मूल कोठे बसते व तहान लागल्यावर काय करते, हा शिक्षणाचाच भाग आहे. सावरकर 1924 ते 1937 या काळात या नगरात स्थानबद्ध होते, तेव्हा सर्व जातींची मुले शाळेत सरमिसळ बसवावीत म्हणून त्यांनी खटपट केली, ती याच कारणाने. राहता राहिले टिळक. येथेच जन्मलेल्या या पुरुषाने कॉलेजातील पहिले वर्ष बहुतांशी तालमीत घालविले. आजचा पालक असे वर्ष ‘फुकट गेले’ म्हणून कपाळावर हात मारील.

आता कायद्याकडे वळू. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली. 29 व्या कलमाने मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त असावे, असे म्हटले. उत्तम! परंतु हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. म्हणजे दहावीची खरी धास्ती जेथे सुरू होते, नेमके तेथेच निर्भयतेचे हे वचन मुलाचा हात सोडते. दुसरी गोष्ट. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस क्रीडांगण हवे असे आहे; पण सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन शिक्षक मिळावयाचा तो पटसंख्या शंभरांवर असेल तरच. आमच्या डोंगरउतारावरच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांत शंभर मुले आणावयाची कोठून? जी अट मोठ्या शहरात सहज पुरी होते, ती येथे नकारासारखी लागू पडते.

कोणी व्यापारी गृहस्थ म्हणतील, की गुणांवाचून मुंबईस नोकरी मिळत नाही, मग सूर्यनमस्कार घेऊन काय करावयाचे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या जिल्ह्यातील घरोघरचा कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेला, तेथे गुणपत्रिका हेच भांडवल होय. पण भांडवल गुंतवावयाचे ते ज्या माणसात, तो पाठीने वाकलेला व मनाने भेदरलेला असला तर व्यापार किती दिवस चालेल, हे त्यांनीच सांगावे.

याच कायद्याच्या 21 व्या कलमान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. तेव्हा सरकारकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या शाळेच्या समितीची पुढची सभा कधी आहे याची पालकांनी चौकशी करावी आणि सभेत तीन गोष्टी विचाराव्यात : खेळाचा तास वेळापत्रकात आहे तो मैदानावर होतो काय, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुले कोठे खेळतात, आणि शेवटच्या बाकावर नेहमी कोण बसते.